उंबऱ्याबाहेरची भूक

त्या राज्यात भूक पोटात राहत नसे. ती दाराबाहेर, खुंटीला बांधलेली असे.

मूल जन्मलं की त्याच्या पाठोपाठ तीही यायची. मुठीएवढी, ओलसर, डोळे मिटलेली. सुईण बाळाला आईच्या कुशीत द्यायची आणि हिला फडक्यात गुंडाळून उंबऱ्याबाहेर नेऊन ठेवायची. घरात जितकी माणसं तितक्या दाराबाहेर खुंट्या. भुकेचं रूप काही ठरलेलं नव्हतं. कुणाची मुंगसासारखी, कुणाची करड्या कुत्रीसारखी. एका न्हाव्याची तर म्हणे कोंबडीसारखी होती आणि एक दिवसाआड अंडं घालायची, पण न्हाव्याचं बोलणं तिथंही कुणी मनावर घेत नसे.

दिवसातून तीनदा मनोऱ्यावरची घंटा वाजायची. घंटा वाजली की भूक तीन हाका मारायची. पहिल्या हाकेला माणसानं हातातलं काम ठेवायचं, दुसरीला हात धुऊन, मान लववून, ज्याचं अन्न त्याची आठवण करायची, आणि तिसरीला थाळी उंबऱ्यापर्यंत न्यायची. भुकेनं खाल्लं की ते माणसाच्या अंगी लागायचं. मग ती पाय पोटाशी घेऊन झोपायची आणि माणूस आपल्या कामाला लागायचा. नियम मोजून तीन: घंटेआधी नाही, तिसऱ्या हाकेआधी नाही, आणि उंबऱ्याच्या आत नाही. तिसरा नियम का केला असावा, हे मात्र कुणाला आठवत नव्हतं. जुन्या माणसांना विचारलं तर ती विषय बदलायची.

शिवाय शुक्रवार होता. शुक्रवारी सकाळचा आणि दुपारचा घास भुकेला द्यायचा नाही. तो फडक्यात बांधायचा, तिची दोरी खुंटीवरून सोडायची आणि ती नेईल तिकडे मुकाट्यानं जायचं. उपाशी भुकेला दुसऱ्या उपाशी भुकेचा वास बिनचूक लागतो. ती ओढत ओढत मिठागराकडच्या आळीत न्यायची, जिथं समुद्रानं शेतं खाल्ली होती, आणि एखाद्या अर्ध्या दारापाशी थांबायची. दार वाजवलं की वरची फळी उघडून आतून थाळी बाहेर यायची. घेणाऱ्यानं मान वर करायची नाही, देणाऱ्यानं नाव सांगायचं नाही. आता कोण देतंय हे पायांवरून सगळ्यांनाच कळायचं, ती गोष्ट वेगळी. पण मान खालीच असायची.

अशा त्या राज्यात इनास राहत होता. तो काथ्याचा दोर वळायचा. गावातल्या प्रत्येक भुकेच्या गळ्यातला पट्टा आणि खुंटीपर्यंतची दोरी त्याच्याच हातची. माणूस चांगला. खादाड म्हणावं असं त्याच्यात काही नव्हतं. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर ऐकणारे सुटकेचा श्वास सोडून मोकळे होतात.

त्याची बायको रेमेत गेली त्याला वर्ष होत आलं होतं. ती होती तेव्हा घंटेच्या ठोक्याला थाळी बाहेर जायची आणि ती आग्रह करायची, "घ्या, अजून थोडं घ्या." आता घरात बोलणारं कुणी नव्हतं. एके दिवशी सकाळी इनास अंगणात दोर वळत बसला होता. दुपारच्या घंटेला अजून अवकाश होता. खुंटीपाशी त्याची भूक बसली होती, मुंगसाएवढी, आणि त्याच्याकडे पाहत होती. बाकी कुणीच त्याच्याकडे पाहत नव्हतं. इनासनं खिशातला गुळाचा खडा काढला, बोराएवढा, आणि तिच्यापुढं धरला.

तिनं तो घेतला. झोपली नाही. तोंड पुसलं आणि म्हणाली, "आत्ता."

इनासच्या हातातला पीळ सुटला. भुका हाक मारत, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. बोलत नसत. तो आजूबाजूला पाहून आला, कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो मनोऱ्याकडे गेला. घंटा वाजवणारा बस्त्याव पायरीवर पाय सोडून बसला होता.

"बस्त्यावकाका, एक विचारू? समजा, एखाद्याची भूक बोलायला लागली..."

"भूक हाक मारते," बस्त्याव म्हणाला. "बोलते ती भूक नव्हे."

"मग कोण?"

बस्त्याव उठला, आत गेला आणि त्यानं दार लावून घेतलं. आतून कडीचा आवाज आला. भर सकाळी.

त्यानंतर इनासनं ती गोष्ट कुणापाशी काढली नाही. एका शब्दानं काय बिघडतंय, असं त्यानं स्वतःला समजावलं. आणि खरंच काही बिघडलं नाही. आठवडा गेला, ती दुसरा शब्द शिकली.

सुकट-भाकरीची थाळी पुढं ठेवली तर तिनं नाक वळवलं आणि म्हणाली, "याहून बरं." इनासला हसू आलं. लहान पोरानं मोठ्यासारखं बोलावं तसं वाटलं त्याला. त्यानं बाजारातून ताजा पापलेट आणला. मग कोळंबी. मग कुणीतरी सांगितलं की डोंगरापलीकडे एक तांदूळ होतो, शिजला की शेजारच्या गावातली माणसं झोपेतून उठून बसतात. इनास तोही आणायला गेला, दोन दिवस चालत. परत आला तेव्हा भूक खुंटीपाशी नव्हती. उंबऱ्यावर बसली होती. पुढचे पाय आत, मागचे बाहेर.

"अगं, तिथं नाही बसायचं," तो म्हणाला.

बाहेर ऊन कडक होतं. इनासनं भात केला, थाळी वाढली आणि एकटा पाटावर बसून तिचं खाणं दारातून पाहू लागला. समोर रेमेतचा पाट रिकामा होता. जेवताना समोर कुणीतरी असावं, एवढंच त्याच्या मनात आलं. त्यानं दोरी खुंटीवरून सोडली.

ती आत आली, पाय पुसून. रेमेतच्या पाटावर बसली. थाळी संपली, तसं तिनं मान तिरकी केली आणि म्हणाली, "अजून."

आवाज रेमेतचा होता.

इनासच्या अंगावर काटा आला आणि डोळ्यांत पाणी आलं, दोन्ही एकदमच. त्यानं पातेलं ओतलं.

तो शुक्रवार चुकला. दारावर थाप पडलीच नाही असा त्या वर्षातला मिठागराच्या आळीतला तो पहिला शुक्रवार, आणि ते दार फिलूचं होतं. फिलू इनासची धाकटी बहीण. तिच्या शेतात दोन वर्षं खारं पाणी शिरलेलं, घरात एकटी, आणि दाराशी सशाएवढी भूक, जिच्या बरगड्यांमधून पलीकडचा रस्ता दिसे. शुक्रवारच्या पुरचुंडीवर ती पुढचा शुक्रवार गाठायची. त्या राज्यात एक गोष्ट शेंबड्या पोरालाही माहीत होती: भूक अशक्त झाली की हाका कमी होतात. तीनाच्या दोन, दोनाची एक. आणि ज्या दारची भूक हाक मारायची थांबली, त्या घरात कुणी उठून दार उघडत नाही.

दोन शुक्रवार गेल्यावर फिलू भावाकडे आली. मागायची रीत नव्हती. ती अंगणातच उभी राहिली.

"दादा, शुक्रवारी आमच्या दारावर वारा येऊन गेला," ती म्हणाली. "बाकी कुणी नाही."

"अगं, हिचा पाय मुरगळलाय." इनास दार ओढून घेऊन बाहेर आला. "चालवत नाही तिला."

"कुठं आहे? खुंटीला दिसत नाही ती."

"सावलीत बांधलीय. मागं."

फिलूनं बंद दाराकडे पाहिलं. दाराखालच्या फटीतून एक सावली जमिनीवर पडली होती आणि ती सावली ऐकत होती.

"माझी आता दोनच हाका मारते, दादा," फिलू म्हणाली. "दोन मारते आणि माझ्याकडे बघते. जणू तिसरी कुठं ठेवली ते मला माहीत असावं." ती हसली. "तुझ्या कमरेला दोरी कसली रे ही? बैल पाळलास का?"

"कामाची आहे," इनास म्हणाला. "या शुक्रवारी येतो. नक्की. रेमेतची शपथ."

दोरीचं खरं असं होतं की आत खुंटी नव्हती. सुरुवातीला इनास दोरीचं टोक हातात धरायचा. पण वाढायला हात मोकळे लागतात. म्हणून त्यानं ते टोक कमरेला बांधलं. तात्पुरतं.

शुक्रवार आला. इनासनं मनावर दगड ठेवून भाकऱ्या फडक्यात बांधल्या, बरोबर वाल, बरोबर गुळाची ढेप. भुकेला बाहेर काढलं. आता ती वासराएवढी झाली होती आणि चौकटीतून निघताना चौकट करकरली. रस्त्यानं दोघं चालू लागले. तिनं नाक वर केलं नाही, कुठंच ओढ घेतली नाही. वास लागतच नव्हता तिला. इनासच पुढं झाला. बहिणीच्या घरची वाट काही त्याला नवी नव्हती. मिठागराचा बांध दिसायला लागला, फिलूचं अर्धं दार दिसायला लागलं, आणि त्या दाराच्या वरच्या फळीवर, थाप पडायच्या आधीच, बोटं दिसली. ती वाट बघत होती.

"असं नाही," मागून आवाज आला.

"काय?"

"भाकरी अशी बांधत नाहीत. मोडते. काठ कडक झालेत. वाल जास्त शिजलेत. असं नाही."

"हे तुझ्यासाठी नाहीय," इनास म्हणाला.

ती जराही ओरडली नाही. नुसती त्याच्यासमोर येऊन बसली, रस्त्याच्या मधोमध, आणि रेमेतच्या आवाजात म्हणाली, "दे."

फडक्यासकट गेलं. चावण्याचा आवाजसुद्धा आला नाही. इनासच्या तळहातावर दातांची ओळ राहिली, रक्त न आलेली, नीट, चोखंदळ. समोरच्या दारातली बोटं थोडा वेळ तशीच होती. मग फळी बंद झाली.

चाळीस दिवसांचा उपास तोंडावर आला. त्याआधी बस्त्याव दरवर्षी घरोघर फिरून पट्टे तपासायचा. भुकेच्या गळ्यात आणि पट्ट्यात दोन बोटं जायला हवीत. गेली नाहीत तर तिला बोडक्या टेकडीवर चाळीस दिवस चालवायचं. हजारो पट्ट्यांखालून जाऊन जाऊन बस्त्यावची ती दोन बोटं आरशासारखी झाली होती. लोक म्हणायचे, त्यांत पाहून तो दाढी करतो. इनासनं आदल्या दिवशी पट्टा वीतभर वाढवला. गावाचे पट्टे त्याच्याच हातचे, त्याला काय अवघड?

बस्त्याव दारात आला. भूक ओसरीवर बसली होती, डोळे मिटून, अगदी गरीब चेहरा करून. त्यानं बोटं घातली. दोन गेली. तिसरंही गेलं.

"पट्टा नवा दिसतो."

"जुना कुजला होता, काका."

"तू वळतोस म्हणून सगळं गाव तुझ्या पट्ट्यावर विश्वास ठेवतं," बस्त्याव म्हणाला. "मी तेवढा तुझ्या स्वतःच्या भुकेच्या पट्ट्यावर ठेवत नाही." त्यानं इनासच्या खांद्यावर हात ठेवला आणि पटकन काढून घेतला. "अरे, हाडं लागतायत तुझी! एवढं अन्न या घरात शिजतं, धुराडं दिवसभर थांबत नाही, आणि तू असा? जातं कुठं ते?"

इनासनं तोंड उघडलं. त्याला सांगायचं होतं. बस्त्यावकाका, ही तोडा, ही दोरी तोडा, एवढंच सांगायचं होतं. पण बस्त्यावच्या पाठीमागं भुकेनं एक डोळा उघडला होता, आणि तिच्या ओठांनी, आवाज न करता, एक शब्द केला. इनासनं तोंड मिटलं. आपण ते तिच्या सांगण्यावरून मिटलं की आपल्या, हेसुद्धा त्याला नीट कळलं नाही.

बस्त्याव निघून गेला. जाताना त्यानं खुंटी हलवून पाहिली. तिच्यावर कोळ्यानं घर केलं होतं.

त्यानंतर इनासला कुणी फारसं पाहिलं नाही. जे दिसलं ते असं: कांदा चिरला जातोय, नव्यानं चिरला जातोय, अजून बारीक चिरला जातोय. धुराडं घंटेआधी पेटतंय आणि घंटेनंतर विझत नाहीय. एकदा त्यानं म्हणे दुपारची थाळी अडवून धरली आणि तिला उंबऱ्याबाहेर ढकललं. ती हसत हसत बाहेर गेली आणि दोरीमागून तोही फरफटत बाहेर गेला. मग दोघं आत आले. पट्टा वीतभर वाढवूनही एक दिवस तट्‌कन तुटला. इनासनं नवा वळला. "असं नाही," ती म्हणाली, "टोचतो." मऊ वळला. "असं नाही." शेवटी पट्टा घरातच एका खिळ्याला टांगून राहिला आणि दोरी नुसती तिच्या मुठीत. होय, मुठीत, तोवर तिला मुठी आल्या होत्या. तिकडे इनासची कंबर इतकी बारीक झाली की दोरी घसरून पायांत यायला लागली. पुन्हा पुन्हा बांधावी लागायची. जिथून घसरणार नाही अशी जागा शोधणं भाग होतं.

चाळीस दिवसांतल्या शेवटच्या शुक्रवारी इनासच्या घरचं सगळं संपलं. तांदूळ संपला, बियाणं संपलं, दिव्याचं खोबरेल संपलं. भूक उठून उभी राहिली, मागच्या दोन पायांवर. वास तिला कधीच लागेनासा झाला होता. पण कित्येक वर्षं दर शुक्रवारी ती एकाच वाटेनं गेली होती. ती वाट पायांना पाठ होती.

दुपारची घंटा वाजली. फिलू भिंतीला टेकून बसली होती. दाराशी तिच्या भुकेनं एक हाक मारली, गवत मोडावं एवढी. मग मान खाली घातली.

आणि दारावर थाप पडली.

फिलूचे पाय पटकन उचलत नव्हते, तरी ती भिंत धरून उठली. दादा आला. शपथ घेतली होती त्यानं. उशीर झाला, पण आला. तिनं थाळी घेतली, वरची फळी ढकलली आणि रीतीप्रमाणे मान खाली घालून थाळी बाहेर धरली.

थाळीत काही पडलं नाही. भर दुपारी तिच्या हातांवर सावली पडली आणि मनगटाला ऊन ऊन श्वास लागला. मग थाळीवरून काहीतरी फिरलं, रुंद, ओलं, खरखरीत; एकदा, दोनदा. कालच्या कण्यांचा एक दाणा कडेला चिकटला होता, तो गेला. थाळी लख्ख झाली. त्यात आकाश दिसायला लागलं.

फिलूनं मान वर केली नाही. तिला फक्त खालचं दिसत होतं. आधी दोन रुंद पाय दिसले, नीट पुसलेले. त्यांच्या बाजूनं काथ्याची दोरी खाली आली होती. दोरी ओळखीची होती. असा पीळ गावात एकच माणूस घालतो. ती दोरीबरोबर नजर नेत गेली. दोरी धुळीतून मागं गेली, थोडी उचलली गेली आणि एका पट्ट्याला जाऊन मिळाली. पट्ट्यातली मान तिच्याकडेच वळलेली होती. तिच्या दारात, चार पायांवर, खाली.

आपल्या भुकेचा पट्टा रोज चाचपायच्या सवयीनंच तिचा हात खालच्या फळीवरून खाली गेला आणि पट्ट्याखाली बोटं शिरली. दोन गेली. चार गेली. सगळा पंजा गेला.

"दादा?"

इनासनं तोंड उघडलं आणि हाक मारली. गवत मोडावं एवढी. दुसरीसाठी त्यानं श्वास घेतला, पण तेवढ्यात दोरीला हिसका बसला.

"आत्ता," वरून रेमेतचा आवाज म्हणाला. "पुढं."

फिलूनं मान वर केली, पण उशीर झाला होता. तिला पाठच दिसली. आळीत ऊन पांढरं पडलं होतं. घंटा होऊन गेली होती, शुक्रवार होता, आणि बांधापर्यंत दोन्ही बाजूंना एकेक करून अर्धी दारं उघडत होती. प्रत्येक दारातून एकेक रिकामी थाळी बाहेर येत होती, आणि प्रत्येक थाळीमागं मान खाली होती.